यात बाळ कुठे आहे?

कोळदे, ता. जि. नंदुरबार
२३ नोव्हेंबर

मार्था,

मुलं बरी आहेत. हे आधी लिहिते, कारण पाकीट फोडताना तुझा जीव त्यातच अडकलेला असेल. एस्तेरचा पुढचा दात पडला. योएलला खोकला आहे, पण तो मिरचीचा. शेताच्या कडेला मिरची वाळवायच्या पथाऱ्या पसरल्यात, त्यामुळे सध्या अख्खं गावच ठसकतंय.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर एकच टिक येते, म्हणजे माझाही, जावेचाही, नंबर तू बंद केलास. म्हणून कागद घेतला. तुझ्या दवाखान्याच्या हॉस्टेलचा पत्ता एस्तेरच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात होता, तुझ्याच अक्षरात; आता तू खोलीवर असलीस तरी तिथून पत्र मिळेल.

दिवाळीत तू मुलांना न्यायला आलीस तेव्हा मी माहेरी होते. सासूबाईंनी तुला ओट्यावरूनच परत धाडलं, आमच्या योगेंद्रनी मुलांना मागच्या खोलीत बसवून ठेवलं, हे सगळं मला आल्यावर कळलं. तू समजतेस की मी ठरवून गेले होते. तसं नव्हतं. हेमराज अपघातात गेल्यावर तू एकटी पडलीस आणि तुला सुरतेच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तेव्हा खोली मिळेपर्यंत मुलं इथे राहू देत, असं तूच म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं. आता खोली मिळाली तर ते बोलणं घरात कुणाला आठवत नाही. मला आठवतं. पण मला कुणी विचारत नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे.

परवा मुलांना घेऊन नंदुरबारला गेले होते. स्टँडजवळच्या एका दुकानात कागदाची चांदणी लटकवली होती, आत दिवा लावलेली. एस्तेर तिथेच उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "मोठी माय, ख्रिसमसची गोष्ट सांग."

मला येत नाही गं. शाळेच्या पुस्तकात एक धडा होता, तेवढंच. गोठा होता, बाळ होतं. मी सांगायला लागले तर ती म्हणाली, "तसं नाही. आधी ते दोघं चालत येतात. मग दार वाजवतात." पुढे तिलाही आठवेना. कपाळाला आठ्या घालून बसली. मग रडली नाही, नुसती उठून अंगणात गेली. मला रडलेलं चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रिषभच्या दुकानात गेले. भीकमचंद शेठचा नातू, आपल्या मुलांच्या वह्या त्याच्याकडूनच येतात. म्हटलं, नाताळचं चित्रांचं पुस्तक आहे का, मुलांना वाचून दाखवण्यासारखं? त्याने सगळी फळी रिकामी केली. पाढे, बाराखडी, रंगवायची पुस्तकं. शेवटी एक निघालं, लाल कपड्यातल्या म्हाताऱ्याचं. छान जाड पानं. तेच घेतलं.

योएलला आवडलं. गाडी ओढणारी शिंगांची जनावरं पाहून त्याला आपल्या शिवारातल्या नीलगाईच वाटल्या, म्हणाला, "हे रोही उडतात? मग शेतात शिरतील." आम्ही दोघी हसलो. एस्तेरने मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं उलटली आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

"यात बाळ कुठे आहे?" म्हणाली.

तर तू ती गोष्ट कशी सांगायचीस, ते मला लिहून पाठव. माझ्याशी बोलू नकोस, फक्त गोष्ट लिही. घरच्या पत्त्यावर नको. रिषभच्या दुकानाचा पत्ता मागे लिहिला आहे, तिथे पाठव.

रूपाली


कोळदे
२ डिसेंबर

मार्था,

उत्तर आलं नाही. येईल असंही मी धरून बसले नव्हते. पण पुस्तकं आली.

रिषभने सुरतेच्या नि पुण्याच्या विक्रेत्यांना फोन करून विचारलं. मला म्हणाला, "भाभी, आपल्याकडे हे कोणी मागत नाही, म्हणून मी ठेवत नाही. आणि मी ठेवत नाही म्हणून कोणी मागत नाही." खोकं उघडलं तेव्हा मी तिथेच होते. नवीन पुस्तकांचा तो वास, शाईचा. भीकमचंद शेठ गादीवर बसले होते. त्यांनी चष्मा लावून एक पुस्तक हातात घेतलं आणि मला वाटलं आता विचारतील, पाटलांच्या घरात हे कशाला? त्यांनी एकेक पान पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "मेंढ्या चांगल्या काढल्यात."

ते पुस्तक एका धनगराच्या मुलीचं आहे. आकाशात उजेड होतो, सगळे बाळाला बघायला निघतात, आणि कोकरं सांभाळायला हिला मागे ठेवतात. सकाळी एकेक जण परत येतो. कोणी म्हणतं बाळ झोपलं होतं, कोणी म्हणतं जागं होतं. कोणी म्हणतं गोठ्यात ऊब होती, कोणी म्हणतं थंडी होती. मुलगी सगळ्यांचं ऐकून घेते आणि कोकराला स्वतःची गोष्ट सांगते. चित्रं काळ्या-निळ्या रंगातली, फक्त उजेड तेवढा पिवळा. मला फार आवडलं. मोठ्या माणसांनाही आवडेल असं पुस्तक असतं हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्यात शब्द जवळजवळ नाहीतच. नाताळच्या दिवशी दवाखान्यात एक बाळ जन्मतं. नर्सा धावपळ करतात, कुणी खिडकीला चांदणी लावतं, एक म्हातारा रुग्ण गाणं म्हणतो. बस, एवढंच.

सासूबाई दुपारी भजनाला जातात, तेव्हा आम्ही गच्चीवर कापसाच्या गाठोड्यांना टेकून वाचतो. मी त्यांच्यापासून लपवते असं समजू नकोस. त्यांनी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

धनगराच्या मुलीचं पुस्तक संपल्यावर एस्तेरने विचारलं, "तिला का नाही नेलं?"

मी म्हटलं, "लहान होती ना."

"योएल तर अजून लहान आहे. त्याला पण नेणार नाही?"

कुठे नेणार, हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दवाखान्याच्या पुस्तकात एका पानावर बऱ्याच नर्सा आहेत. तिने प्रत्येकीवर बोट ठेवत ठेवत शोधलं आणि केसांचा अंबाडा बांधलेली एक पाठमोरी नर्स सापडली, तिच्यावर बोट थांबवलं. "ही मम्मी." मग योएलला दाखवलं, "ही बघ मम्मी, कामावर आहे."

योएलने पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपला. पाय बधिर झाला तरी मी हलले नाही. तो हल्ली मला मोठी माय म्हणत नाही. काय म्हणतो ते पुढे कधी लिहीन. एकच शब्द गाळतो, एवढंच.

तुझी कोणती गोष्ट होती, दार वाजवायची? तेवढी तरी लिही.

रूपाली


कोळदे
१० डिसेंबर

मार्था,

सासूबाईंना पुस्तकं सापडली. शोधत नव्हत्या. गाद्या उन्हात टाकायला काढल्या, आणि खाली होती.

मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर त्या पलंगावर बसून ते दवाखान्याचं पुस्तक उलटं धरून बघत होत्या. मी सरळ करून दिलं.

"हाई काय शे?"

"पुस्तक आहे आत्या, चित्रांचं. नाताळचं. मुलांना वाचून दाखवते."

मला वाटलं आता देवधर्मावरून बोलणं येईल. तुमच्या लग्नाच्या वेळी आलं होतं तसं. तयारीच करून उभी होते. पण त्या तसं काही बोलल्याच नाहीत. बोट ठेवून विचारलं, "हाई पोऱ्या कोन्हा?"

"गोष्टीतलं बाळ आहे."

"आनि हाई माय?"

"हो."

त्यांनी पानावरचं बोट काढलं नाही. मग म्हणाल्या, "तू त्यासले हाई वाचीसन दखाडस, आनि त्या तिन्ही याद काढतस. इसरू दे ना त्यासले. इसरनात म्हंजे ऱ्हातीन आठे. मन्हा पोऱ्या गया, रूपाली. आते त्यान्हा पोरे बी जातीन का?"

मार्था, मला त्यांचा राग येत नाही. तुला येतो आणि यायलाच हवा. पण मी रोज त्यांना हेमराजच्या जुन्या शर्टाने भांडी पुसताना बघते. फेकवत नाही आणि जपवतही नाही, म्हणून वापरतात.

संध्याकाळी योगेंद्रना कळलं. ते मोठ्याने बोलत नाहीत, हे तुला माहीत आहे. पुस्तकं चाळली आणि म्हणाले, "गावमा लोके काय म्हनतीन? आम्ही त्या पोरेसले काय बनाडी ऱ्हायनूत?" मी म्हटलं, "लोकांनी विचारलं तर सांगा, त्यांची आई ख्रिस्ती आहे. ते लोकांना आधीच माहीत आहे." पुस्तकं उचलून त्यांनी लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. फाडली नाहीत. जाळली नाहीत. मी उगाच काही वाढवून सांगणार नाही.

एस्तेर दारात उभी राहून बघत होती. नंतर तिने योएलला पुढ्यात बसवलं आणि पुस्तकाशिवाय गोष्ट सांगायला लागली. धनगराची मुलगी, दवाखाना, रोही, तुझी चालत येणारी माणसं, सगळं एकात मिसळून. "मग ते दार वाजवतात. मग आजी म्हणते, जागा नाही." मी मागून ऐकत होते. तिला मुद्दाम काही म्हणायचं नव्हतं, तिला एवढंच माहीत आहे.

रूपाली


नंदुरबार
१५ डिसेंबर

मार्था,

मुलं परत द्या म्हणून तुझ्या वकिलाची नोटीस आली. आज बाजारात आले आहे, रिषभच्या दुकानातल्या स्टुलावर बसून लिहिते आहे. लांबलचक लिहिणार नाही.

घरात काय बोलणं चाललंय ते मी तुला सांगणार नाही. मी या घरची सून आहे, तशीच तू पण होतीस, आहेस, काय ते. जे चाललंय ते बरं नाही एवढंच. तू घाई केलीस असं मला पहिल्यांदा वाटलं. मग वाटलं, तू आणखी किती वाट बघायला हवी होतीस?

मला एक विचारायचं होतं. मुलं जिथे जेवतात, झोपतात, हसतात, तिथून त्यांना उचलणं बरोबर आहे का? योएल तर आता

नाही. हे विचारायचा मला हक्क नाही. खोडत नाही, असू दे, पण उत्तर देऊ नकोस.

पुस्तकं अजून कपाटात आहेत. रिषभने आणखी एक दाखवलं, घडी उघडली की गोठा उभा राहतो असं. मी घेतलं नाही. घेऊन ठेवू कुठे?

रूपाली


कोळदे
२० डिसेंबर

मार्था,

तुझं पार्सल मिळालं.

रिषभने फोन केला, "भाभी, सुरतेहून काही तरी आलंय." मी दुकानातच फोडलं. आत पत्र असेल म्हणून सगळी पानं झटकली. पत्र नव्हतं. फक्त पुस्तक. चालत येणारी ती दोघं, गाढव, बंद दारं, गोठा, बाळ. एस्तेर म्हणत होती ते सगळं ओळीने. आणि प्रत्येक चित्राखाली छापलेल्या ओळीवर तू पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून तुझ्या अक्षरात लिहिलेलं. अक्षर देवनागरी, बोली तुमची, विसरवाडीकडची. मला त्यातलं इथेतिथे काही कळतं, बाकी नाही.

पहिल्यांदा मला राग आला. वाटलं, हे मुद्दाम केलंय. मला कळू नये म्हणून. मी इतकं विनवून मागितलं आणि तू मला दाराबाहेरच ठेवलंस.

आज दुपारी सासूबाई बाहेर गेल्यावर मुलांना जवळ घेतलं आणि तू लिहिलंस तसं अक्षर लावून वाचायला लागले. कुठे श्वास घ्यायचा तेही कळत नव्हतं. पहिल्या पानाला एस्तेर खुदकन हसली, म्हणाली, "तसं नाही म्हणायचं," आणि तो शब्द नीट म्हणून दाखवला. दुसऱ्या पानाला मी वाचायच्या आधीच तिने पुढची ओळ म्हटली. मग पुढचीही. दार वाजतं तिथे तू काही तरी आवाज काढत असशील, कारण दोघांनीही एकदम जमिनीवर टकटक केलं. योएलनेसुद्धा! त्याला मम्मीचा चेहरा आठवत नाही असं मी धरून चालले होते. चेहरा कदाचित नसेल आठवत. पण ती टकटक त्याच्या बोटांत होती.

मी वाचत होते आणि मला काही कळत नव्हतं. मी फक्त तोंड होते, मार्था. बोलत होतीस तू.

शेवटच्या पानाला योएल उठला, दाराकडे गेला आणि बाहेर बघून आला. "मम्मी कुठे?" त्याने मला विचारलं. रडला नाही. आवाज आला म्हणजे माणूस असणारच, एवढ्या साध्या हिशेबाने विचारलं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. योएल मला माय म्हणतो. आधी मोठी माय म्हणायचा, दिवाळीनंतर त्यातलं मोठी गळून गेलं. मी त्याला टोकलं नाही. तो हाक मारायचा तेव्हा मुद्दाम एकदा ऐकू न आल्यासारखं करायचे, म्हणजे तो पुन्हा म्हणेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात ती हाक कुणी मला मारली नव्हती.

आणि दुसरं. पंचवीस तारखेनंतर मुलांना जळगावला नणंदेकडे पाठवायचं ठरलं आहे. शाळाही तिकडेच घालायची. कोर्टाचा माणूस आला तर मुलं इथे नसतील. योगेंद्र मला पथारीवर मिरची चाळताना म्हणाले, "तू बी जा त्यासनासंगे. तुन्हाच पोरे शेतस त्या." मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारायची वेळसुद्धा आली नाही. नणंदेच्या घराची वरची खोली कशी लावायची, कुठे मुलांचे कपडे, कुठे त्यांची पुस्तकं, हे सगळं माझ्या डोक्यात मांडून झालं होतं. मागच्या पत्रात जे लिहिणार नाही म्हटलं ते हे.

आज दुपारपासून ती खोली डोक्यातून गेली.

चोवीस तारखेला सकाळी मी मुलांना घेऊन विसरवाडीला, तुझ्या माहेरी, कालीबाईंकडे येते. तुझी आई मला दारात उभं करेल की नाही माहीत नाही. तू सुट्टी काढून ये. हे पत्र आज स्पीड पोस्टने टाकते. पोचलं नाही तरी मी येणार आहे.

रूपाली


कोळदे
२९ डिसेंबर

मार्था,

त्या दिवशी आपण दोघी फारसं काही बोललो नाही. तुझ्या मनात तरी काय बोलायचं राहिलं होतं मला माहीत नाही. माझ्या बाजूचं सांगते.

योगेंद्र सकाळीच मिरची घेऊन मार्केट यार्डात गेले होते. मला सासूबाईंना चुकवून निघता आलं असतं. त्या मागच्या दारी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी मुलांना चपला घातल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्या, मुलांना त्यांच्या आईकडे नेते आहे."

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. मग म्हणाल्या, "लई जाशी तं तू बी परत येऊ नको."

मी म्हटलं, "बरं."

एस्तेरने वाकून त्यांना नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. शेंगा सोलतच राहिल्या. आम्ही गल्ली ओलांडेपर्यंत मी मागे पाहिलं नाही.

बसमध्ये एस्तेर खिडकीशी बसली. योएलला वांती झाली. हायवेच्या फाट्यावर उतरलो तेव्हा ट्रकांच्या आवाजाने तो माझ्या मानेला घट्ट चिकटला. हेमराज ज्या वळणावर गेला ते तिथून जवळच आहे, पण मी मुलांना त्या बाजूला पाहू दिलं नाही. कालीबाईंच्या घरी चांदणी लटकत होती आणि तू ओट्यावर उभी होतीस. म्हणजे पत्र पोचलं होतं.

एस्तेर पळत आली. ते तू बघितलंस. योएल आला नाही, तेही बघितलंस. तू हात पुढे केलेस आणि त्याने तोंड माझ्या खांद्यात खुपसलं. मार्था, खरं सांगते, त्या एका क्षणात मला आनंद झाला. आणि लगेच तुझा चेहरा दिसला. तसा चेहरा मी तुझा हेमराजला घरी आणलं त्या दिवशीही पाहिला नव्हता.

तू त्याला ओढून घेतलं नाहीस. तसं केलं असतंस तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. तू खाली मातीत बसलीस आणि हळू आवाजात ती गोष्ट सांगायला लागलीस, पुस्तक नसताना, तुमच्या बोलीत. मी त्या दुपारी वाचली होती तीच, पण तुझ्या तोंडून ती वेगळीच होती. मी भलत्याच जागी थांबत होते! तू दार वाजवायच्या ठिकाणी आलीस आणि टकटक केलंस. योएलचं डोकं वर आलं. मी त्याला खाली ठेवलं. तो तुझ्याकडे एकदम गेला नाही. मध्ये उभा राहिला. मग गेला.

कालीबाईंनी मला जेवायला बसवलं. ताटातली भाकरी मी नुसतीच मोडत बसले, पण त्या समोरून हलेनात. म्हणाल्या, "खा, परत जायचंय ना?" मी त्यांना सांगितलं नाही की परत जायला घर आहे की नाही मला माहीत नव्हतं.

दुपारच्या बसने आले. दार उघडं होतं. सासूबाई चुलीसमोर होत्या. त्यांनी भाकरी केल्या होत्या, रोजच्या एवढ्याच, मुलांच्या दोन छोट्यांसकट. मी आत गेले, हात धुतले आणि पाट मांडले. त्या दोन छोट्या भाकरी दुसऱ्या दिवशी गाईला घातल्या.

योगेंद्र माझ्याशी बोलत नाहीत. जेवण शेतातच मागवतात. त्यांनी मला हात लावला नाही की शिवी दिली नाही. एकदा फक्त म्हणाले, "तू मन्हा भाऊनं शेवटलं बी दी टाकं." मी चुकले असं वाटत नाही, आणि ते खोटं बोलले असंही वाटत नाही. वकिलाकडे ते गेले होते, तिथे काय झालं मला सांगितलेलं नाही. काही कळलं तर तुला कळवीन. आता लपवणार नाही.

घर फार मोठं वाटतं. तू मला मुलांना भेटू देशील का, हे मी विचारणार होते. तीनदा लिहून खोडलं. आत्ता विचारत नाही. कारण आधी दुसरं कुणीतरी विचारतंय.

आज दुपारी मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा सासूबाई येऊन समोर बसल्या. त्यांना लिहिता येत नाही, वाचता येत नाही. मी कुणाला लिहिते हे त्यांना किती दिवसांपासून माहीत होतं कोण जाणे. म्हणाल्या, "तिलेच लिखी ऱ्हायनी ना?"

मी हो म्हटलं.

"मंग लिख. मी येऊ का, इचार. पोरेसले दखाले. घरमा नही येवाव मी. ओट्यावरच बससू."

मी ते कागदावर उतरवलं. म्हटलं, "आत्या, एवढंच लिहू?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"आनि लिख, तिन्हा मनमा नसी तं नही म्हन. पन काय ते लिखीसन धाड. मी वाट दखसू."

त्या बोलल्या तसंच लिहिलं आहे. एकही शब्द मऊ केला नाही. त्यांच्या वतीने मी काही मागत नाही, तुझ्या वतीनेही त्यांना काही सांगितलं नाही. आता त्या अंगणात बसल्या आहेत, पत्र पेटीत पडेपर्यंत आत यायच्या नाहीत असं दिसतं.

पोस्टात टाकायला निघते.

तुझी जाऊ,
रूपाली